वर्गणी

“आँटी, जरा बाजूला व्हाल का? बॅनर दिसत नाहीये.”

प्राइडच्या, म्हणजे आम्हा समलिंगी-तृतीयपंथी माणसांच्या मोर्चाच्या दिवशी ऑगस्ट क्रांती मैदानाच्या फाटकापाशी मी वर्गणीचा डबा घेऊन उभी होते, तेव्हाची गोष्ट. डबा म्हणजे फराळाची मोठी प्लास्टिकची बरणी. झाकणाला सुरीने चीर पाडलेली, अंगावर कुणीतरी सहा रंगांच्या चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जाऊन फार काळ लोटला नव्हता, त्यामुळे गर्दी अशी की नाना चौकापासूनच टॅक्सीवाले वैतागलेले. थंडीचे दिवस म्हणायचे, पण मुंबईची दुपार ती. काजळ उतरायला लागलं होतं, गालावरची चमकी घामाबरोबर मानेवर आली होती, आणि ढोल अजून सुरू व्हायचे होते तरी पोरं काड्यांनी कडेवर उगाच टकटक करत होती. पुढे तृतीयपंथी मावश्यांचा घोळका होता. त्यांतली सगळ्यांत वयस्कर मावशी जांभळ्या काठापदराच्या साडीत, पायात मात्र स्पोर्ट्स शूज, कारण गुडघे. तिच्या मागे पांढऱ्या टी-शर्टमधली तीसेक मुलंमुली. छातीवर कंपनीचं नाव, नावाखाली इंद्रधनुष्य. त्यांच्याबरोबर गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेला फोटोग्राफर. त्या तिसांतला एक पोरगेलासा मुलगा पुढे आला आणि अतिशय अदबीने मावशीला म्हणाला ते वर लिहिलंय.

मावशीने आधी बॅनरकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “फोटोचे किती देणार?”

सगळे हसले. मुलगा कानापर्यंत लाल झाला. पण त्याने खरंच पाकीट काढलं आणि पाचशेची नोट पुढे केली. मावशीने ती घेतली, कपाळाला लावली, दोन्ही हात त्याच्या चेहऱ्यावरून उतरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आणि नोट माझ्या बरणीत सरकवली. “लिहून ठेव गं. पोराने दिले. कंपनीने नाय.” मग साडी आवरत ती बाजूला झाली. तिच्या मागोमाग तिच्या चेल्या झाल्या. फोटो निघाला. छान आला असणार, उजेड चांगला होता.

यात कुणाचं काय चुकलं, ते मला आजही धड सांगता येत नाही.

मुलगा उद्धट नव्हता. मावशी दुखावलेली दिसली नाही. पैसे आमच्याच डब्यात आले. तरी ती चौकट डोक्यातून जात नाही. जी माणसं कायदा असताना रस्त्यावर होती, टाळी वाजवून पोट भरत होती, लॉकअपमध्ये जाऊन येत होती, ती चौकटीच्या बाहेर सरकली आणि बॅनर मधोमध आला. कुणी ढकललं नाही. नुसतं विनंतीवरून झालं. मी पोटासाठी अकाउंट्स बघते, सवयीने त्या रात्री वहीत नोंद केली, ‘रोख देणगी, ५००’. मावशीने सांगितलेला फरक लिहायला वहीत रकाना नव्हता.

त्यावरून बाबा आठवले. माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं आणि बाबा आमच्या गणेशोत्सव मंडळाचे बरीच वर्षं खजिनदार होते. श्रावण लागला की घरात पावतीपुस्तकं यायची. जांभळा कार्बन, त्याचा बोटांना लागणारा रंग, टाचणीने टोचलेल्या नोटा. संध्याकाळी कामावरून आले की बाबा चहा घेऊन लगेच बाहेर पडायचे, पुष्कळदा मला बरोबर घेऊन, कारण लहान मुलगी बरोबर असली की दार तोंडावर लावत नाहीत. वर्गणी मागणं म्हणजे पैसे मागणं असं वाटतं, प्रत्यक्षात ते ऐकून घेणं असायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू अकरा रुपये द्यायच्या आणि त्यासाठी अर्धा तास घ्यायच्या. गेल्या वर्षी स्पीकर आमच्या खिडकीसमोरच का लावला. आरतीला पुढे उभी राहणारी तीच ती चार घरं का. आमच्या सासूबाईंना खाली उतरता येत नाही, प्रसाद वर आणून द्यायला कुणाचे पाय मोडले होते का. बाबा मान डोलवत पावती फाडायचे. पुढच्या वर्षी स्पीकरचं तोंड फिरलेलं असायचं, कारण अकरा रुपये पुन्हा मागायला त्याच दारात जायचं होतं.

मग एका वर्षी कमान आली. एका बिल्डरने प्रवेशद्वारापासून मंडपापर्यंतचा सगळा खर्च उचलला, बदल्यात कमानीवर त्याच्या इमारतीचं चित्र आणि फोन नंबर. चाळ हरखून गेली. केवढी रोषणाई, केवढी मूर्ती! वर्गणी ‘ऐच्छिक’ झाली. बाबांचे पाय वाचले, त्यांना बरंच वाटलं, मलाही, कारण मला मैत्रिणींबरोबर खेळायला मिळालं. काकूंच्या खिडकीसमोर स्पीकरांची भिंत उभी राहिली त्या वर्षी त्यांनी तक्रार कुणाकडे केली असेल? दारात कुणी गेलंच नव्हतं. आणि पुढे ती चाळ पाडून टॉवर बांधायचा विषय निघाला, तेव्हा मंडळाच्या बैठकीत त्याविरुद्ध तोंड उघडणं किती अवघड झालं होतं, ते बाबा रिटायर झाल्यावर कधीतरी बोलून गेले. बिल्डरने गप्प बसायला सांगितलं नव्हतं. त्याची गरजच पडली नाही.

प्राइडच्या पैशांबद्दल बोलायला लागले की मला आधी ती कमान दिसते. आमच्याकडचा खर्च म्हटला तर किरकोळ, म्हटला तर डोंगर. टेम्पो, स्पीकर, जनरेटर, पाणी, रुग्णवाहिका, फिरती शौचालयं, मोर्चा संपल्यावर कचरा उचलणाऱ्यांची मजुरी, खुणांच्या भाषेत घोषणा समजावणाऱ्याचं मानधन, परवानग्यांसाठीच्या असंख्य झेरॉक्स. हे सगळं दहा-वीस-पन्नासच्या नोटांतून उभं करायचं, मध्येच एखाद्या बारमध्ये पार्टी ठेवून तिकिटं खपवायची, जुने कपडे विकायचे, ओळखीच्या डॉक्टरांना गाठायचं. दोन महिने आधीपासून भांडणं. अशा वेळी एखादी कंपनी एका मेलवर सगळ्याचं बिल भरायला तयार होते, तेव्हा नाही म्हणणाऱ्याला बैठकीतले लोक वेड्यात काढतात. मीही काढलंय. तत्त्वाच्या गप्पा मारणाऱ्याने शौचालयवाल्याचा फोन उचलून दाखवावा, असं माझं त्या दिवसांत पक्कं मत असतं.

पण ही सगळी सुरुवात कुणी केली ते बघा. २ जुलै १९९९ ला कोलकात्यात जी पहिली ‘फ्रेंडशिप वॉक’ निघाली, तिच्यात पंधरा माणसं होती. पंधरा! एखाद्या बारशाला याहून जास्त जमतात. जून २००८ मध्ये दिल्ली आणि बंगळुरूत मोर्चे निघाले. त्याच वर्षी १६ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, मुंबईत याच मैदानातून ‘क्वीअर आझादी मार्च’ निघाला आणि त्यात मागणी काय, तर १८६० चं कलम आमच्या गळ्यात बांधल्याबद्दल ब्रिटिश सरकारने माफी मागावी. गवालिया टँकवर, म्हणजे याच मैदानात, उभं राहून इंग्रजांना जाब विचारायचा, ही कल्पना कुठल्याही जाहिरात कंपनीला सुचली नसती. सुचली असती तरी तिच्या साहेबाने पास केली नसती. दिल्लीचा मोर्चा तेव्हापासून समाजाच्या वर्गणीवरच चालत आलाय. तिथे कंपन्यांचं प्रायोजकत्व घेत नाहीत, कर्मचाऱ्याने माणूस म्हणून यावं, चालावं. दिल्लीत त्या पहिल्या वर्षी इंद्रधनुषी मुखवटे वाटले होते. ज्यांना यायचं होतं पण दिसायचं नव्हतं, त्यांच्यासाठी.

मुखवट्यांचं मुद्दाम सांगतेय, कारण त्या पाचशेवाल्या मुलाची गोष्ट तिथेच संपली नव्हती. मोर्चा परत मैदानात आला, भाषणं सुरू झाली, तेव्हा तो एकटाच माझ्याजवळ येऊन उभा राहिला. “मॅडम, त्या आँटी रागावल्या का?” म्हटलं, नाही रे, त्यांचं बोलणंच तसं असतं. मग हळूहळू कळलं की तो लातूरकडचा. घरी माहीत नाही, ऑफिसातही नाही. बॅनरवाल्या गटात ‘सपोर्टर’ म्हणून नाव दिलंय. आईचा फोन आला तेव्हा मागे ढोल वाजत होते. त्याने सांगितलं, ऑफिसचा कार्यक्रम आहे. “टी-शर्ट नसता तर आलोच नसतो,” तो म्हणाला आणि छातीवरचं कंपनीचं नाव उगाच सरळ केल्यासारखं केलं. दहा वर्षांपूर्वी दिल्लीत कागदाचा मुखवटा मिळाला, याला सुती टी-शर्ट मिळाला. मला त्या कंपनीबद्दल वाईट बोलायचं होतं आणि समोर हा उभा.

न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये माझी एक पार्ल्याची मैत्रीण राहते. तिच्याकडून मी २०१९ च्या जूनची गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की मीच जाऊन आल्यासारखं वाटतं. स्टोनवॉलच्या दंग्याला पन्नास वर्षं झाली होती. पोलिसांच्या धाडीला वैतागून २८ जून १९६९ च्या पहाटे एका बारमधली माणसं उलटली, त्याच्या आठवणीतून हे सगळं जगभर पसरलं, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तर त्या पन्नाशीला न्यूयॉर्कात एकाच दिवशी दोन मोर्चे निघाले. एक अधिकृत. मोठमोठ्या कंपन्यांचे चित्ररथ, गणवेशातले पोलीसही मिरवणुकीत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, आत चालायचं तर मनगटावर पट्टी हवी. मैत्रीण सांगते, आदल्या वर्षी ती त्या कठड्याला पोट टेकवून चार तास उभी होती. स्वतःच्याच वरातीत शेजाऱ्याच्या गॅलरीतून बघतोय, असं वाटलं म्हणे. दुसरा मोर्चा ‘रिक्लेम प्राइड कोअलिशन’चा, ‘क्वीअर लिबरेशन मार्च’. कंपन्यांचे रथ नाहीत, पोलिसांचं पथक नाही, कठडे नाहीत, पट्ट्या नाहीत. ज्याला वाटेल त्याने फुटपाथवरून उतरावं आणि चालायला लागावं. सहाव्या अव्हेन्यूवरून उत्तरेला सेंट्रल पार्कापर्यंत, १९७० च्या पहिल्या मोर्चाच्या वाटेने. आयोजकांच्या हिशेबाने ४५ हजार लोक आले. पार्कातल्या सभेत लॅरी क्रेमर बोलले. ऐंशी उलटलेला, एड्सच्या काळात अख्खं सरकार अंगावर घेतलेला माणूस. पुढच्याच वर्षी ते गेले. मैत्रिणीला भाषणातलं फारसं आठवत नाही, पाय दुखल्याचं आठवतं. आणि शेजारी चालणाऱ्या एका आजींनी पिशवीतून सोललेली संत्री वाटली, ते.

१९७० चा तो पहिला मोर्चा कसा ठरला, तेही मजेशीर आहे. त्याआधी पाच वर्षं, १९६५ पासून, दर ४ जुलैला फिलाडेल्फियात स्वातंत्र्य सभागृहासमोर काही समलिंगी स्त्री-पुरुष फलक घेऊन गोल फिरत. पुरुषांनी कोट-टाय घालायचा, बायकांनी स्कर्ट. हा नियम धरून बसणारे फ्रँक कॅमेनी हे खगोलशास्त्रज्ञ होते. समलिंगी असल्याबद्दल १९५७ मध्ये त्यांची सरकारी नोकरी गेली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. नोकरी मागायची तर नोकरी द्यावीशी वाटेल असं दिसायला हवं. १९६९ च्या जुलैत, स्टोनवॉलनंतर अवघ्या काही दिवसांनी, दोन मुली तिथे हात धरून चालायला लागल्या तर कॅमेनींनी त्यांचे हात सोडवले. क्रेग रॉडवेल हे पुस्तकांच्या दुकानाचे मालक ते बघत होते. नोव्हेंबरात त्यांनी आणि इतर तिघांनी मिळून ठराव मांडला. हा कार्यक्रम न्यूयॉर्कला न्यायचा, जूनच्या शेवटच्या शनिवारी धरायचा आणि त्याला कपड्यांचा किंवा वयाचा कसलाही नियम असणार नाही. आज ज्याला प्राइड म्हणतात, ते त्या ठरावातून आलं.

मला कॅमेनींचा राग येत नाही. पोटावर पाय आलेला माणूस टाय सरळ करणारच. पुण्यात २०१७ मध्ये तिथल्या मोर्चाचे आयोजक बिंदुमाधव खिरे यांनी मोर्चात सभ्य कपड्यांत या, असं आवाहन केलं तेव्हा केवढं रण माजलं होतं! मीही तेव्हा तावातावाने बोलले. आता वाटतं, समाज आपल्याकडे बघतोय तर जरा नीटनेटकं दिसूया, ही आपल्या आयांनीच दिलेली शिकवण आहे, पाहुणे यायच्या आधी चादर ओढून घ्यायची. खिऱ्यांशी निदान भांडता तरी आलं. ते समोर होते, उत्तरं देत होते, लोक त्यांच्यावर बहिष्काराची भाषा करत होते. टी-शर्टवाल्या कंपनीशी भांडायचं म्हणजे कुणाशी? ती कधी ‘असे कपडे घालू नका’ म्हणत नाही. सगळ्यांना एकाच मापाचा शुभ्र टी-शर्ट देते, झालं. कॅमेनींच्या कोट-टायचं काम तो फार गोड हसत करून टाकतो.

आणि जून! हा जून काय प्रकार आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

दरवर्षी १ जूनला माझ्या फोनमधली अर्धी चिन्हं सप्तरंगी होतात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये भित्तिपत्रक लागतं, कॅन्टीनमध्ये सहा रंगांचा केक येतो आणि त्या रंगाने दुसऱ्या दिवशीपर्यंत जीभ हिरवी राहते. मुंबईचा मोर्चा आधी ऑगस्टात होता, पुढे थंडीत गेला. दिल्ली जूनमधून नोव्हेंबरात गेली, कोलकाता जुलैतून डिसेंबरात. कारण उघड आहे, भर पावसात नाहीतर उन्हात टाचांच्या चपला घालून कोण चालणार. (पुणेकरांनी अलीकडे जून धरलाय, पण पुणेकरांना कोण काय सांगणार.) म्हणजे आमची माणसं चालतात तेव्हा कंपन्यांचा महिना नसतो आणि कंपन्यांचा महिना असतो तेव्हा बहुतेक ठिकाणी आमचं कुणी रस्त्यावर नसतं. न्यूयॉर्कच्या धाडीची तारीख मुंबईच्या कॅन्टीनमध्ये केक होऊन येते आणि आमच्या स्वतःच्या तारखा, समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सांगणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ च्या २ जुलैचा नाझ निकाल, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आम्हाला गुन्हेगार ठरवलं तो दिवस, कोरड्याच जातात. त्या डिसेंबरात लोक रस्त्यावर उतरले होते ते हाताने रंगवलेले फलक घेऊन. रंग वाळला नव्हता, माझ्या कुर्त्याला लागला तो अजून आहे. कमान बांधायला तेव्हा कुणी पुढे आल्याचं मला तरी आठवत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ जाण्याचा निकाल लागला आणि संध्याकाळच्या आत लोगो रंगले.

एवढं बोलून मी थांबले असते तर लेख सोपा झाला असता.

पण माझ्या जोडीदारिणीचं पित्ताशय काढावं लागलं, त्याचं बिल माझ्या ऑफिसच्या मेडिक्लेममधून गेलं. आम्ही बरीच वर्षं एकत्र राहतोय. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्नाचा हक्क आम्हाला नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. संसद कधी करेल ते संसदेलाच ठाऊक. माझ्या कंपनीने मात्र त्याच्या बऱ्याच आधी विम्याच्या फॉर्मवर ‘पती/पत्नी’च्या शेजारी ‘जोडीदार’ हा पर्याय टाकला होता. इस्पितळात दाखल करताना खिडकीतल्या माणसाने विचारलं, “पेशंटच्या कोण तुम्ही?” मी नेहमीसारखी अडखळले. मैत्रीण म्हणावं, बहीण म्हणावं? तेवढ्यात त्याने विम्याचं कार्ड संगणकात घातलं, पडद्यावर माझं नाव आणि पुढे ‘पार्टनर’ असं आलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, “बरं, इथे सही करा,” म्हणाला आणि पेन सरकवलं. सही करताना माझा हात थरथरला, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. त्या फॉर्मवरचा तो एक शब्द कुठल्याही मोर्चाने मला दिलेला नाही. आमच्या एच.आर.मधली एक बाई त्यासाठी वर्षभर वरच्यांच्या मागे लागली होती, हेही मला माहीत आहे. मग त्याच कंपनीने केक कापला तर मी नाक मुरडायचं? मुरडते. आणि केकही खाते.

फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. तो शब्द त्यांनी घातलाय, तसा काढूही शकतात. कायद्याने दिलेलं काढून घ्यायचं तर निदान कोर्टात उभं राहावं लागतं. परिपत्रक मागे घ्यायला कुठे उभं राहावं लागतं? २०२५ मध्ये अमेरिकेत असल्या धोरणांविरुद्ध वारं फिरलं तेव्हा हे उघड्यावर दिसलं. सॅन फ्रान्सिस्को प्राइडच्या प्रायोजकांतून कॉमकास्ट, अनहायझर-बुश, डियाजिओ अशी बडी नावं गळली. न्यूयॉर्कच्या अधिकृत प्राइडच्या सुमारे पाव प्रायोजकांनी हात आखडता घेतला. कुणी भांडून गेलं नाही. बजेट नाही, धोरण बदललंय, पुढच्या वर्षी बघू. मिनियापोलिसला मात्र गंमत झाली. टार्गेट ही दुकानांची साखळी तिथलीच, गावची कंपनी. तिने विविधतेची धोरणं गुंडाळायला घेतली, तशी तिथल्या ट्विन सिटीज प्राइडवाल्यांनी आपणहून तिला बाहेरची वाट दाखवली आणि ५० हजार डॉलरचा खड्डा भरायला लोकांकडे हात पसरला. दोनेक दिवसांत खड्डा भरून वर पैसे उरले. माझी क्वीन्सवाली मैत्रीण, जी मिनियापोलिसला जन्मात गेलेली नाही, तिनेही वीस डॉलर पाठवले. का, विचारलं तर म्हणाली, “कुणीतरी मागितले शेवटी.”

बाबांना हे वाक्य फार आवडलं असतं.

अर्थात आपले पैसे म्हणजे आपोआप आपली एकी, असं काही नसतं. २०२० मध्ये पोलिसांनी ऑगस्ट क्रांतीवरून मोर्चा काढायला परवानगी नाकारली. नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनाचे दिवस होते. १ फेब्रुवारीला आझाद मैदानात नुसतं जमायचं ठरलं. तिथे काहींनी दिलेल्या घोषणेवरून ५१ जणांवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला, आणि आयोजकांनी त्या घोषणांशी आमचा संबंध नाही म्हणून हात झटकले. त्यावरून जी फूट पडली ती अजून पुरती सांधलेली नाही. एकमेकींच्या घरी जेवणाऱ्या बायका आज नजर चुकवतात. कुठल्याही कंपनीने दम दिला नव्हता. आमचे आम्हीच घाबरलो, आमच्यातलेच काही घाबरले नाहीत, आणि दोघांनाही दुसऱ्याचं वागणं गद्दारी वाटलं. वर्गणीच्या मोर्चात हे असलं सगळं रस्त्यावर येतं. प्रायोजकाच्या मंचावर ते येत नाही, कारण सूत्रसंचालकाला यादी दिलेली असते.

गेल्या महिन्यात आमच्या छोट्या गटाची बैठक झाली. एका कंपनीचा मेल आला होता. पाणी, टोप्या आणि मंच आम्ही देतो, मंचाच्या मागच्या कापडावर नाव. रक्कम अशी की माझ्यासारखीच्या तोंडाला पाणी सुटावं. तीन तास चाललं. तरुण पोरं म्हणाली, घेऊया, पैशाला रंग नसतो. एक जण म्हणाला, नावाशिवाय देत असतील तर घेऊ. त्यावर सगळेच हसले. शेवटी मी पावतीपुस्तकं छापायला टाकते म्हटलं, शंभर-शंभर पानांची, कार्बनसकट. पोरांनी कपाळाला हात लावला, क्यूआर कोड असताना पावतीपुस्तक कशाला? म्हटलं, कोड भिंतीला चिकटवून घरी जाता येतं, पुस्तक घेऊन दारात जावं लागतं. वाटण्या झाल्या. कॉलेजं कुणाकडे, लोकलचे डबे कुणाकडे, कामाठीपुरा आणि नवी मुंबईतली तृतीयपंथीयांची घराणी कुणाकडे. घराण्यांचं काम कुणी घेईना, तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच घरात चहा आला, शंभर रुपये आले आणि सव्वा तास ऐकून घ्यावं लागलं. रस्ता एवढा लांब का ठरवता, आमच्यातल्या निम्म्या जणींना शुगर आहे. टेम्पो असतो त्यावर चढायला शिडी नसते, साडी नेसून उडी मारायची का? मध्ये दोन वर्षं कुणी बोलवायलाच आलं नाही, आम्हाला टीव्हीवर कळलं. भाषणं सगळी इंग्रजीत. आणि ते संडास, त्यात बाईचा कुठला, पुरुषाचा कुठला, आम्ही कुठे जायचं ते लिहायचं सुचलं नाही का एवढ्या शिकलेल्यांना? मी लिहून घेत होते. पावती फाडली, कार्बनचा रंग बोटाला लागला. शिडीचं पटलं, ते लगेच टेम्पोवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणतोय शिडीचे वेगळे सातशे पडतील.